हरकत असल्यास आठ दिवसांत

२ फेब्रुवारी १९९८, सोमवार
आजपासून मी सरकारी माणूस झाले, म्हणजे सिद्धनगर नगरपालिकेची मराठी लेखनिक. जुन्या हुबळीच्या बोळातून सामान हलवून दोनच दिवस झालेत. इथे नळाला पाणी आहे, गच्चीवर ऊन आहे आणि तारिहाळच्या बसमधून उतरलं की पाच मिनिटांत घर. अप्पा खूश आहेत. कोप्पीकर रोडवरचं कापडाचं दुकान बंद केल्यापासून त्यांना भांडायला कुणी नव्हतं, आता अख्खी नगरपालिका मिळाली. नळ, गटार, दिवाबत्ती यांवर त्यांनी जन्मभर अर्ज केले आणि प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवली.

काम सोपं आहे. दर गुरुवारी घरोघर एक माहितीपत्रक जातं. एका बाजूला कानडी, दुसऱ्या बाजूला मराठी. हेडक्लार्क जयतीर्थ मंगळवारी कानडी मजकूर देतात, मी त्याचं मराठी करून स्टेन्सिलवर लिहायचं. नागरिकांना कळवल्याशिवाय इथे पान हलत नाही, असं ते अभिमानाने म्हणाले. दोन्ही बाजू भरल्याशिवाय ठराव लागूच होत नाही. आधीचा लेखनिक गेल्यापासून वर्षभर सगळं अडून होतं म्हणे. मला तर हे काम वाटतच नाही. लहानपणापासून कानडी पाटी दिसली की तिचं मराठी केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

ही वही ऑफिसच्या खणात ठेवणार. घरी ठेवली तर अप्पा वाचतील, वर समासात दुरुस्त्या करतील.

५ फेब्रुवारी, गुरुवार
माझं पहिलं पत्रक निघालं. पाण्याच्या वेळा, चौकातला दिवा, बागेतल्या बाकांना हिरवा रंग द्यावा की निळा. प्रत्येक कलमाखाली एकच ओळ: हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावी. पत्रक मिळाल्याची सही घरोघर घेतात. शेजारच्या अनुसयाअक्का अळणावरकडच्या, त्यांना सही करायला फार आवडतं. गावाकडे आम्हाला कोण विचारत होतं पल्लवी, असं म्हणाल्या. आजवर इथे कुणी हरकत घेतलेली नाही.

अप्पांनी दोन्ही बाजू वाचल्या. हरकत घेण्यासारखं काही सापडेना म्हणून जरा हिरमुसले.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आजच्या मजकुरात चौथं कलम असं: घर क्र. १९ मधील गोदूबाई यापुढे सिद्धनगरात राहणार नाहीत. हरकत असल्यास वगैरे. गोदूबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजी. लेकीकडे जात असतील, पण ते नगरपालिकेने का छापावं? जयतीर्थांना विचारलं तर म्हणाले, आपलं काम कळवण्याचं. मी लिहून टाकलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार
काल आठ दिवस पुरे झाले. आज १९ नंबरसमोरून आले. दार उघडं, दोरीवर लुगडं, चुलीजवळ निवडायला घेतलेले तांदूळ परातीत. आजी नाहीत. त्यांना लेकच नाही, हे आज कळलं.

अनुसयाअक्कांना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्हास्नी कळवलं होतं की वो. कुणी हरकत घेतली नाही." एवढं बोलून भाजी चिरायला लागल्या. मला त्या बाईची भीती वाटली, हे लिहून ठेवते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
दुसरं कलम. तीनदा वाचलं. मी चुकत तर नाही ना, म्हणून इथे मराठीत उतरवून बघते.

घर क्र. २२ मधील बाळकृष्णराव यापुढे सिद्धनगरात राहणार नाहीत.

हे तर आपलेच अप्पा. कानडीत नुसतं बाळकृष्ण आहे, 'राव' माझ्या हातून आलं. स्टेन्सिल मी कोरी परत दिली. दुसरी बाजू भरली नाही तर ठराव लागू होत नाही, हे त्यांचंच म्हणणं. जयतीर्थ रागावले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या खणाकडे पाहिलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
पत्रक निघालं. दोन्ही बाजू भरलेल्या. मराठी माझ्या अक्षरात. बाळकृष्णराव, वहीतल्या 'राव'सकट.

खणाला दोन किल्ल्या आहेत. एक माझी. दुसरी कुणाकडे, हे मी कधी विचारलंच नाही. मूर्ख मी. वही घरी आणली.

२८ फेब्रुवारी, शनिवार
अप्पांना म्हटलं, आज्जच हुबळीला परत जाऊ. ऐकत नाहीत. त्यांनी हरकतीचा अर्ज दिला, पोच घेतली. लेखी दिलंय, आता पळायचं कशाला, म्हणतात. डोळ्यांत कित्येक दिवसांनी चमक आहे.

पण जयतीर्थ मला म्हणाले, ज्याचं नाव त्याचीच हरकत धरत नाहीत. घरच्यांचीही नाही. शेजारची एक सही हवी. एकच.

३ मार्च, मंगळवार
एकतीस घरं झाली. सगळे चहा देतात. अप्पांबद्दल चांगलं बोलतात. सही कुणी देत नाही. अनुसयाअक्का म्हणाल्या, "सगळ्यांना विचारून करतात की. आपण एकट्यानं आडवं कशाला यायचं?"

त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवून खुर्चीवर बसवलं.

५ मार्च, गुरुवार
उरलेली घरं — नाही. कुणी नाही. बॅग भरली. उद्या सकाळी अप्पांना ओढत नेईन, रागावले तरी.

६ मार्च, शुक्रवार
आठच वाजले होते. अप्पा ओसरीवर होते. मी फक्त चहा आणायला आत —

खुर्ची आहे. चष्मा आहे. चष्म्याखाली पोच.

अनुसयाअक्का फाटकाशी आल्या. कळवलं होतं की, म्हणाल्या. डोक्यावरून हात फिरवला माझ्या.

८ मार्च, रविवार
अप्पा, मीच लिहिलं. माझ्याच हाताने.

१० मार्च, मंगळवार
ऑफिसला गेले नाही. दुपारी दाराखालून कागद आला. एक बाजू कानडी. दुसरी कोरी.

मी लिहिणार नाही. मी लिहीत नाही तोवर लागू नाही. दुसरं काहीतरी लिहीत राहायचं. अप्पांचा चष्मा. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. बागेतले बाक निळे —

कागद उलटा ठेवला. तरी डोळ्यांपुढून ओळ जात नाही. सोपी आहे. लहानपणी पाट्या वाचायचे तशी. हात थांबवायला हवा. पेन खाली ठेवायला हवं — ठेवते — घर क्र. २२ मधील पल्लवी यापुढे सिद्धनग