डाव्या बाजूचं वजन

८ नोव्हेंबर १९८७, रविवार

विजूने आज पुन्हा रिकामी पोती मागितली. सरकीची होती मागच्या खोलीत, ती दिली. काहून पाहिजे विचारलं तर म्हणतो, वाळू भरून बोटीत ठेवतो. बोटीतून वाळू आणतात हे समजतं. हा बोटीत वाळू घालतो, तलावात फिरवतो आणि तीच परत काठावर आणून ठेवतो.

त्याचं म्हणणं असं: बोट जड झाली की पाण्यात खोल बसते, मग मागे उंच लाट उठते. फळीवर दोरी धरून उभा असलेला माणूस त्या लाटेवरून उडी घेतो. आखातात बोटींवर मेकॅनिक होता तेव्हा तिथले साहेब लोक करायचे म्हणे. ती नोकरी का सोडली ते अजून धड सांगत नाही. नागपूरहून जुनी फायबरची बोट घेऊन आला आणि मोहगावच्या पुढच्या तलावात टाकली. सख्खा भाऊ आहे माझा, पण.

१० नोव्हें.

रेखासुद्धा जाते मामासोबत. कॉलेजातून परस्पर. मला कळलं कुणाकडून, तर शेजारच्या निर्मलाबाईंकडून. "तुमची पोरगी बोटीत फिरून राहिली म्हणते." म्हणते म्हणजे कोण म्हणते, ते त्यांनी सांगितलं नाही.

रे.ला विचारलं. "मामाला वजन कमी पडते, आई. मी नुसती बसते." वेणी ओली होती, पार मुळापर्यंत. नुसतं बसून?

ह्यांना बोलले नाही. पांढुर्ण्याहून ऑफिस करून, बसमध्ये उभे राहून येतात. जेवले की डोळे मिटतात.

१५ नोव्हें., रविवार

स्वतः गेले तलावावर. बरं झालं गेले.

बोट चालवतो शेखर. बोरगावच्या संत्रेवाल्यांचा. सातवीत मीच शिकवलं त्याला. अक्षर चांगलं, नजर नेहमी खिडकीबाहेर. पोती त्याच्याच जीपमधून येतात. मला पाहून लगेच बाई बाई करत पाया पडला. इतकं वाकायची गरज नव्हती.

तो उजवीकडे बसतो, चाक तिकडे आहे. रे. त्याच्या डावीकडे, अगदी जवळ. विजूला बाजूला घेतलं.

"ती तिथंच काहून बसते?"

"ताई, तो उजवीकडे आहे नं. डावीकडे कोणी नसलं तर बोट कलते. मग एका बाजूची लाट गुळगुळीत येते आणि दुसऱ्या बाजूची फुटते."

"मग डावीकडे पोतं ठेव."

ठेवलं. रे. काठावर माझ्याजवळ उभी राहिली, तोंड फुगवून. बोट गेली, मागे विजू फळीवर. दोन्हीकडच्या लाटा मला तरी सारख्याच दिसल्या.

मग मुलीची गरज काय?

१८ नोव्हें.

रे.ला हेच विचारलं. म्हणाली, "पोत्याला सरक म्हटलं तर सरकते का? मामा वळला की मला सरकावं लागते." झटकन म्हणाली. उत्तर तयारच होतं जसं काही.

प्रत्येक गोष्टीला ह्या लोकांकडे वजनाचं कारण आहे. आणि प्रत्येक कारण पटतं, हेच मला खुपतं.

हे आज खुशीत. पांढुर्ण्याचे एक जण रे.ला बघायला येणार, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. मुलगा बँकेत, बैतूलला. रे.ने ऐकलं आणि पोळी तव्यावरून उतरवली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, तिला कळलं असावं.

२२ नोव्हें., रविवार

अक्षर वाकडं येतंय.

आज म्हटलं, वजन पाहिजे नं, मी बसते. विजू खुश. मला मागे बसवलं, सगळी पोतीही मागेच. "आज लाट पहा ताई." मोठ्या लाटेची हाव. रे. शे.च्या डावीकडे होतीच. मी मागून दोघांच्या पाठी बघत बसले.

बोटीचं नाक इतकं वर उठलं की समोरचं पाणी दिसेना. विजूने एक उडी चांगली घेतली, दुसऱ्या वेळी पडला. त्याला पडलेलं बघून शे.ने मोटरचा वेग एकदम पाडला. बोट थांबली आणि आमचीच लाट मागून आली, सरळ आत. साडी कमरेपर्यंत भिजली. मला पोहता येत नाही. ओरडायचंही सुचलं नाही.

रे. उडी मारून मागे आली. माझा दंड धरला आणि पुढे ढकललं, आईला ढकलतात तसं नाही, पोत्याला ढकलतात तसं. मग एकेक पोतं उचलून पाण्यात टाकत सुटली. "शेखर, थांबू नको तू, हळूहळू पुढे घे, नाक काठाकडे ठेव." शे. घाबरून पांढरा पडला होता. ती सांगत गेली तसं त्याने केलं. विजू पोहत आला. काठाला लागलो.

तू म्हणाली. शेखर, तू. मी पाण्यात बसले होते आणि मला ते ऐकू आलं.

२३ नोव्हें.

शाळेत गेले नाही. अंग दुखतं.

दुपारी रे. आल्याचा चहा घेऊन आली. विचारलं, त्याला अरेतुरे कधीपासून?

"बोट बुडत होती, आई. तेव्हा अहोजाहो करू?"

खरं आहे. म्हटलं, पण इतकं नेमकं तुला कसं सुचलं, कोणतं पोतं आधी टाकायचं, बोट कुठे न्यायची. नुसतं बसून हे येत नाही. तिने कप खाली ठेवला.

"मी पण चढते फळीवर. मामापेक्षा बरी उडते. तू पाठवणार नव्हती म्हणून नाही सांगितलं."

तर वेणीचं कोडं सुटलं.

"एवढंच?"

"एवढंच."

हे म्हणताना माझ्याकडे बघत होती, सरळ. खोटं बोलतानाही ती लहानपणी अशीच बघायची.

विजूवर संतापले. पोटच्या पोरीसारखी आहे तुझ्या, आणि मागे सगळं वजन लादतो? ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, तिकडची नोकरीही अशाच एका बोटीपायी गेली. साहेबाने हट्टाने वजन मागे घालायला लावलं, बोट बुडाली आणि नाव ह्याचं आलं. खरं असेल. आता वजन अर्धं पुढे ठेवीन म्हणतो.

२९ नोव्हें., रविवार

पांढुर्ण्याचे येऊन गेले. मुलगा शांत, बरा वाटला. पोह्यांवर त्याच्या आत्याने हळूच काढलं, "मुलगी बोटीत बसते ऐकलं." निर्मलाबाईंची चुलत बहीण पांढुर्ण्यात आहे हे मी विसरले होते.

माझ्या तोंडून निघालं, "मामाची बोट आहे. मी पण बसते."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "तू?" मग सगळं सांगावं लागलं. फळीचंही. एक नाही सांगितलं. सांगायला माझ्याजवळ आहे तरी काय, एक "तू" फक्त.

४ डिसें.

पांढुर्ण्याहून होकार. आत्यांना मोकळ्या स्वभावाचं घर आवडलं म्हणे. हे मिठाई घेऊन आले. रे. म्हणाली, परीक्षा होऊ द्या. फक्त परीक्षाच का, असं मी विचारलं नाही.

६ डिसें., रविवार

ती फळीवर कशी उडते ते एकदा बघायचंच होतं. ह्यांना सांगून गेले.

पोती आता थोडी पुढे, थोडी मधे, मागे कमी. विजूने मला डावीकडे बसवलं, शे.च्या जवळ. मला सांगितलं, मागे बघत राहायचं, रे. पडली की ओरडायचं. शे.ने फक्त समोर बघायचं.

लाट पहिल्यासारखी उंच नव्हती, पण लांब आणि साफ. रे. दोरी धरून आली, गुडघे वाकवले आणि सुटली वर. पाण्यापासून एवढी उंच. माझी मुलगी. ओरडायचं नव्हतं तरी मी ओरडले.

बाजूला पाहिलं तर शे. मान वळवून मागे.

"शेखर, समोर बघ."

"हो, बाई."

समोर बघितलं. पुन्हा वळला. कोणीही वळलं असतं तशी उडी पाहून, हे मलाही कळतं. पण त्या वेळी ती उडी घेत नव्हती. नुसती उभी होती, केस तोंडावर आलेले, आणि हसत होती. बोटीकडे बघून. मीही बोटीतच होते.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, परीक्षेनंतरची तारीख कळवून टाकू का पांढुर्ण्याला? रे. वाढत होती. तिचा हात थांबला की आमटी संपली होती म्हणून थांबला, सांगता येत नाही.

म्हटलं, थांबा अजून थोडं.