हवेचा स्क्रू

९ नोव्हेंबर

ती. दादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, फ्यूजचा नमस्कार. इकडे सगळे मजेत. यांचा गुडघा आता कुरकुरत नाही, लेकीची परीक्षा आटोपली, आणि आमचं सर्व्हिस सेंटर नेहमीसारखं वॉशिंग मशीनच्या जळक्या बोर्डांनी भरलेलं आहे. वहिनीला सांग, स्वेटर अगदी मापात बसला.

आता मुद्द्याचं. रागाव हवं तर, पण पत्र शेवटपर्यंत वाच. गॅरेज बंद करताना तू मला दिलेल्या मोटरसायकलचा कार्बोरेटर मी काढला. तिला फ्युएल इंजेक्शन बसवलं, घरीच, मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी.

मी नुसता विषय काढला होता तेव्हा तू म्हणालास, "चांगली हाताने जेवणारी गाडी, तिला सुया टोचणार होय?" आणि चार महिने अबोला धरलास. धर. माझा हट्ट कुणाकडून आला ते तुला माहीत आहे.

टाकीला परतीच्या पेट्रोलची नळी वेल्ड करून घ्यायची होती. वेल्डर तीनदा म्हणाला, "ताई, टाकी नीट धुतलीय ना? माझं अजून लग्न व्हायचंय." मग पंप, थ्रॉटल बॉडी, आणि मॅग्नेटवर दात्यांचं चाक. इंजिनाचा फेरा कुठवर आलाय ते त्या चाकावरून पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला कळतं. ते मी एक दाता चुकवून बसवलं. तिसऱ्या किकला गाडीने असा बार काढला की यांचा चहा यांच्याच शर्टावर. "दादांचा शाप लागला," म्हणाले. शाप कसला, माझाच आंधळेपणा. सगळं खोललं, पुन्हा बसवलं. मग जुन्या चार्जिंगवर पंप चालेना, म्हणून कॉइल नव्याने गुंडाळून घेतली. सातव्या रविवारी पहिल्या किकला सुरू झाली.

सायलेन्सरच्या नळीत एक सेन्सर आहे. पेट्रोल जास्त जातंय की कमी, ते लॅपटॉपवर आकड्यात दिसतं. कान लावावा लागत नाही.

एवढं लिहून मी उठले, नसलेली भांडी घासली आणि परत बसले.

दादा, मायलेजसाठी केलं असं मी सगळ्यांना सांगत फिरते. ते खोटं आहे. त्याआधीचं एक खोटं मला जास्त छळतं.

गेल्या वर्षी पोस्टमनकाकांच्या गाडीचा स्लो, उभ्या गाडीतली इंजिनाची मंद चाल, तू कान लावून सेट करत होतास. मी शेजारी उभी. कंप्रेसर चालू होता, फरशी थरथरत होती. तू हवेचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत होतास आणि मध्येच इंजिन बंद पडलं. तू फिरवतच राहिलास. काका बुटांकडे बघायला लागले. तू मान वर करून मला विचारलंस, "कशी वाटतेय?" आणि मी म्हणाले, "एकदम गोड, दादा."

मग तू टाकीवर हात ठेवलास.

टाकी थरथरत नव्हती. तू स्क्रूड्रायव्हर पुसलास, खिशात घातलास. महिनाभरात शटर खाली आलं, आणि गावभर सांगितलंस की हल्ली गिऱ्हाईक बदललं. वहिनी म्हणते, यांना गर्व झालाय, फोनसुद्धा उचलत नाहीत. मी तिला काही सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग.

तुला ऐकू येत नाही. लिहिलं शेवटी. मला फार वाईट वाटतं, त्याहून जास्त स्वतःची लाज वाटते. रस्त्यावरून जाणारी गाडी ऐकून कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे ते सांगणाऱ्या माणसाला मी लहान मुलासारखं फसवलं. तू चिडलास ते इंजेक्शनवर नाही, माझ्यावर, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता माझी अडचण ऐक, म्हणजे वाच. आकडे सगळे बरोबर आहेत, तरी स्लोवरून एकदम रेस दिली की गाडी धाप टाकते, मग उचलते. पेट्रोल किती वाढवायचं आणि किती वेळ, हे मला सुचत नाही. आकडे मला वाचता येतात, इंजिन येत नाही. ते तुला येतं. ते कानात होतं असं तू समजून बसलायस. तसं असतं तर मी इतकी वर्षं तुझ्या शेजारी उभी राहून शिकले नसते का? कान तर माझे धडधाकट आहेत!

म्हणून रविवारी सकाळी तुझी गाडी चालवत येतेय. लॅपटॉप पाठीवर असेल; त्यातले आकडे तुला डोळ्यांनी बघता यावेत म्हणूनच तर इंजेक्शन बसवलं. तू नको म्हणालास तर पायरीवर बसेन, संध्याकाळपर्यंत बसेन, सोमवारची रजा टाकली आहे. गॅरेजची किल्ली शोधून ठेव. हॉर्न वाजवणार नाही. सरळ आत येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवेन.

तू सेट कर, मी शेजारी उभी राहते. आणि या वेळी गाडी बंद पडली, तर बंद पडली असंच सांगेन.

तुझी,
फ्यूज