फायरवॉलचा खाऊ

२२ जुलै, सोमवार

आजपासून तीन निश्चय. रोज रोजनिशी लिहायची. गोडधोड आणि कुरकुरीत बंद (डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघून जी मान हलवली ती मला आवडली नाही). आणि फायरवॉलची मेमरी मी स्वतः वाढवणार.

तिसऱ्याचं असं झालं. आमच्या स्क्रूच्या कारखान्याचं सगळं इंटरनेट एका चपट्या काळ्या पेटीतून आत-बाहेर जातं. ती फायरवॉल. नेटवर्कच्या यंत्रांच्या खोलीत रॅकवर बसलेली असते. हल्ली तिला धाप लागते, मेमरी कायम भरलेली. मालकीणबाई म्हणाल्या, बाहेरच्या कंपनीचा माणूस बोलावते. मी म्हटलं, त्यात काय आहे? झाकण उघडायचं, जुन्या पट्ट्या काढायच्या, मोठ्या बसवायच्या, झाकण लावायचं. पापड भाजायला आचारी कशाला?

मालकीणबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, कर बाबा. पण को (को म्हणजे मी), नीट ऐक. ९ ऑगस्टला जर्मनीचं गिऱ्हाईक कॅमेऱ्यावरून अख्खा कारखाना तपासणार आहे. त्या दिवशी नेट पडलं तर सोमवारपासून तुझं काम बाहेरच्या कंपनीला आणि तू पॅकिंगला, वजनकाट्यावर. आणि जे काय करायचं ते भुतांचा महिना लागायच्या आत उरक, भुतं मोकळी सुटल्यावर नाजूक काम नको.

मी हसत हसत हो म्हटलं. मला एकवीस वर्षांचा अनुभव आहे. त्यातली अठरा प्रिंटरची, पण खोलवर पाहिलं तर कागद अडकणं हीसुद्धा नेटवर्कचीच अडचण असते.

शिवाय आमच्या गांगशान गावच्या ह्या जुलै-ऑगस्टच्या उन्हाळ्यात कारखान्यात गार हवा दोनच ठिकाणी आहे. एक मालकीणबाईंची केबिन, दुसरी यंत्रांची खोली. म्हणजे मी. तिथे माझी खुर्ची, माझ्या सपाता, माझी चहाची किटली. मी वजनकाट्यावर जाणार नाही.

२३ जुलै, मंगळवार

मेमरी कशी बदलावी याचं पुस्तक वाचलं. अर्धं पुस्तक भीतीच घालतं. आधी सगळ्या सेटिंगचा बॅकअप घ्या. पेटी रीतसर बंद करा. वीज दोन केबलनी येते, दोन्ही काढा. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून त्याचं दुसरं टोक लोखंडाला लावा, नाहीतर अंगातल्या विजेनं मेमरी जळेल. सांगितलेल्याच जातीची मेमरी घ्या. टक् असा आवाज येईपर्यंत दाबा.

हे सगळं अमेरिकेतल्या वकिलांनी लिहिलेलं असतं. आपल्याकडे माणसं जन्मतःच सावध असतात.

बॅकअप उद्या.

२५ जुलै, गुरुवार

वादळाची सुट्टी. काल रात्रीच जाहीर झाली. कारखाना रिकामा, नेट कुणालाच नको, मेमरी बदलायला सोन्यासारखा दिवस. बायको, सू-चिन, म्हणाली, अहो, मग जा ना, बसलात काय. पण वादळाच्या सुट्टीला मेव्हणे कराओकेची खोली धरतात, आणि माझ्याशिवाय वरचा सूर लावणारं त्यांच्यात कुणी नाही.

आवाज बसला. आवाज बसलेला असताना नाजूक काम करू नये. तशी मेमरीही अजून घ्यायचीच आहे.

कोळंबीचे कुरकुरे तिथे टेबलावरच होते. मी मागवले नव्हते.

२९ जुलै, सोमवार

मेमरी आणली. दुकानदारानं विचारलं, पेटीचा मॉडेल कुठला? मी म्हटलं, मेमरी ती मेमरी. त्यानं खांदे उडवले आणि दिली. जागेवर येऊन पाहतो तर पट्टीची खाच एकीकडे आणि पेटीतला दात दुसरीकडे. (झाकणाच्या फटीतून टॉर्च मारून पाहिलं. बॅकअप नसताना पेटी उघडण्याइतका मी मूर्ख नाही.)

परत गेलो. दुकानदार म्हणाला, ही घरच्या कॉम्प्युटरची आहे, तुम्हाला सर्व्हरची हवी. मग आधी का नाही बोलला? म्हणाला, विचारलं होतं की दादा. लोकांना धंदा करायची अक्कल नाही. नवीन मागवलीय, ६ तारखेला मिळेल.

बॅकअपचं लक्षात आहे.

४ ऑगस्ट, रविवार

भुतांचा महिना आजपासून लागला. सू-चिन म्हणाली, आता भुतं मोकळी सुटली, आता तुम्ही यंत्राची पोटं फाडा. मी म्हटलं, भुतांना नेटवर्कमधलं काय कळतं? ती म्हणाली, तुमच्याइतकंच.

मालकीणबाईंचा फोन आला होता. झालं का विचारत होत्या. मी म्हटलं, जवळजवळ. यात खोटं काहीच नाही. काम मनात पूर्ण आहे, फक्त हातात उतरायचंय.

६ ऑगस्ट, मंगळवार

बरोबर जातीची मेमरी आली. खाच आणि दात एकमेकांसमोर. मनगटाचा पट्टाही आला, निळा, मला शोभतो.

वजन दोन किलोनं वाढलंय. स्नायू असणार.

७ ऑगस्ट, बुधवार

आज एक किरकोळ गोष्ट झाली. लिहून ठेवतो म्हणजे मनातून जाईल.

फायरवॉलच्या डोक्यावर हिरवं पाकीट असतं. नारळाच्या चवीचे मक्याचे कुरकुरे, लहान पोरांचा खाऊ. असं पाकीट आमच्याकडे कुठल्या यंत्रावर नसतं? बँकेत असतं, इस्पितळात असतं, टोलनाक्यावर असतं. पाकिटाच्या नावाचा अर्थच मुळी गुणी बाळ असा, की यंत्रानं तसं वागावं. नियम शेंबड्या पोरालाही माहीत आहेत. पाकीट हिरवंच हवं, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. तारीख उलटलेलं नको. आणि ते कुणी खायचं नाही.

मी उद्याच्या कामाची रंगीत तालीम करत होतो. पाकीट खाली काढून ठेवलं, कारण पेटी रॅकमधून ओढताना ते पडलं असतं. तालमीत भूक लागते. दोन आठवडे मी जीभ मारून जगतोय. तारीख पाहिली तर अगदीच जवळ आली होती. नोव्हेंबर. म्हटलं, शिळं झालंय का ते पाहावं, एकच दाणा.

खरं सांगायचं तर फार छान होते. तळाचा चुरासुद्धा.

लगेच नवीन घ्यायला गेलो. हिरवं कुठेच नाही. भुतांच्या पूजेच्या टेबलावर मांडायला सगळ्या कारखान्यांनी पेट्यांच्या पेट्या उचलल्यात. पिवळं मिळत होतं, पण पिवळा दिवा म्हणजे धोका. ते ठेवण्यापेक्षा न ठेवलेलं बरं. आणि डोकं उघडं ठेवलं तर मालकीणबाईंना दारातूनच दिसेल.

मग पॅकिंगच्या आ-फेनकडून थर्माकोलचे दाणे मागून आणले. नमुन्याच्या पेट्यांत भरतात ते. आ-फेन पॅकिंगची मुकादम, तिला चौकशा फार. म्हणाली, कशाला हो को दादा, उशी शिवताय? मी म्हटलं, अंगातली वीज शोषून घ्यायला. ती आणि तिच्या बायका बराच वेळ हसत होत्या. शास्त्रीय गोष्टींवर लोक हसतातच.

पाकीट भरलं, गोंदानं चिकटवलं, डोक्यावर ठेवलं. आधीपेक्षा बाळसेदार दिसतंय.

८ ऑगस्ट, गुरुवार

झालं! मेमरी बदलली. तपशील.

वेळ दुपारच्या झोपेची निवडली. डबे खाऊन झाले की दिवे बंद होतात आणि अख्खं ऑफिस टेबलावर डोकं ठेवून घोरतं. नेट कुणाला हवंय? अशा गोष्टी अनुभवानं सुचतात.

बॅकअपला वेळ नव्हता. सेटिंग माझ्या डोक्यात आहेत आणि माझ्या डोक्याला वीज लागत नाही.

केबल काढली. दिवे चालूच. क्षणभर मलाही भुतांचं खरं वाटलं. मग दुसरी केबल आठवली, तीही ओढली. रीतसर बंद करणं तेवढं राहिलं, पण बंद ती बंद. मनगटाला निळा पट्टा बांधला, दुसरं टोक लावायला लोखंड मागच्या बाजूला होतं, तिथे हात पोचेना, म्हणून माझ्याच कमरेच्या पट्ट्याला लावलं. बकल लोखंडाचंच आहे.

झाकणाचा एक स्क्रू आत पडला. पेटी हलवली, वाजला, पण बाहेर आला नाही. दिवसाला लाखो स्क्रू पाडणाऱ्या कारखान्यात मी एका स्क्रूसाठी फिरलो आणि मिळाला नाही. आमचा सगळ्यात लहान स्क्रू माझ्या करंगळीएवढा. चिकटपट्टी लावली.

पट्ट्या बसवल्या. टक् आवाज आला. माझ्या गुडघ्याचाही असाच येतो, पण हा बहुधा मेमरीचाच होता.

सुरू केल्यावर पेटीनं असा भोंगा वाजवला की अख्खं ऑफिस उठून उभं राहिलं. कुणीतरी भूकंप म्हणून टेबलाखाली गेलं. मी शांत होतो. पेटीवर एक बारीक भोक होतं, त्यात टाचणी घालून दाबून धरली. थोड्या वेळानं भोंगा थांबला.

नंतर पडद्यावर आलं, नमस्कार, आपली भाषा निवडा.

तीन वर्षं काढली एकमेकांसोबत, आणि ओळख विचारते. म्हणजे ते भोक सगळं पुसून टाकायचं असावं. त्यांनी तिथे तसं लिहायला हवं होतं. लिहिलं आहे, पण बारीक.

असो. संध्याकाळपर्यंत डोक्यातली सगळी सेटिंग परत घातली. कॅमेरे चालू, ईमेल चालू. मेमरी आणली त्याच्या निम्मीच दिसतेय, दुसरी पट्टी अजून रुळायची असेल. मालकीणबाईंना कळवलं, काम फत्ते. त्या म्हणाल्या, शाबास. पॅकिंगमधल्या बायकाही आज माझ्यावर फार खूश आहेत, कारण कळलं नाही. आ-फेननं तर आपण होऊन पपईचं दूध आणून दिलं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी जर्मन आला, म्हणजे पडद्यावर आला. आमचा माणूस कॅमेरा घेऊन फिरत होता, मालकीणबाई शेजारी, अंगावर नवा सूट. गोदाम झालं, साचे झाले. मुलामा चढवायच्या विभागात पोचले आणि जर्मन तोंड उघडं ठेवून तिथेच थिजला. मला वाटलं, आमचं काम बघून. मग यंत्रांच्या खोलीतून भोंगा ऐकू आला.

मालकीणबाई खोलीत आल्या. मी त्यांना वादळाबद्दल सांगितलं, दुकानदाराबद्दल, अमेरिकेतल्या वकिलांबद्दल, भुतांच्या महिन्याबद्दल. त्या सगळं ऐकून घेतात, हा त्यांचा मोठेपणा. ऐकता ऐकता त्यांनी बाहेरच्या कंपनीला फोन लावला.

त्यांचा माणूस स्कूटरवरून आला. पेटी उघडली. आधी चिमट्यानं माझा स्क्रू काढून तळहातावर ठेवला. मग अंगठ्यानं दुसरी पट्टी दाबली. टक्. अगदी गुडघ्यासारखाच आवाज, खरंच. मग म्हणाला, पॅकिंगमध्ये वीस-पंचवीस मोबाइलवर मालिका चालल्यात, त्या बंद करणारी सेटिंग कुठे गेली? ती माझ्या डोक्यातून निसटली होती. तेवढी एकच.

जर्मन कॉफी पिऊन परत आला. राहिलेला कारखाना बघितला, चांगलं आहे म्हणाला. ऑर्डर वाचली.

मालकीणबाई खुर्चीत बसल्या. माझ्याच खुर्चीत. बराच वेळ पंख्यानं वारा घेतला आणि म्हणाल्या, जाऊ दे को. माणूस चुकतो. एकवीस वर्षं आहेस, कुठे टाकू तुला? पण पुढच्या वेळी बॅकअप घे.

माझे डोळे भरून आले, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही. काल रात्री मी झोपलो नव्हतो. वजनकाटा सारखा समोर दिसत होता. मी त्यांना वाकून नमस्कार केला, बाहेरच्या माणसालाही केला, पॅकिंगमधून डोकवायला आलेल्या आ-फेनलाही केला.

आणि तेव्हा त्या बाहेरच्या माणसानं निघता निघता पेटीवरचं पाकीट उचललं. त्यांची पद्धत असते म्हणे, जाण्याआधी तारीख बघायची. त्यानं ते हातात तोललं. कानाशी नेऊन हलवलं. मग दोन बोटांनी दाबलं आणि माझा गोंद सुटला.

थर्माकोलचे दाणे फार हलके असतात. एसीच्या वाऱ्यावर अख्ख्या खोलीभर उडाले. मालकीणबाईंच्या नव्या सुटावर बसले, आ-फेनच्या केसात बसले. आ-फेननं एक दाणा काढून बघितला आणि पहिल्यांदाच ती हसली नाही. मी म्हटलं, अंगातली वीज शोषून घेतात.

मग मालकीणबाई उठल्या. म्हणाल्या, मेमरी चुकीची आणलीस, समजू शकते. सगळं पुसून टाकलंस, तेही सोडलं. पण को, त्याच्या तोंडचा घास खाल्लास?

मी म्हटलं, तारीख जवळ आली होती. बाहेरच्या माणसानं तारीख वाचून दाखवली. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

१२ ऑगस्ट, सोमवार

पॅकिंग. वजनकाटा. घामानं वहीचं पान चिकटतंय.

खोक्यात स्क्रू भरतात, मी वजन बघतो, चिठ्ठी लावतो. बदल म्हणून चांगलं आहे. मालकीणबाईंना माझी नजर पारखी वाटली असणार, वजनाचं काम कुणालाही देत नाहीत. तरी मधेच कान त्या खोलीकडे जातो. तिची घरघर इथपर्यंत ऐकू येते. सपाता अजून तिथेच आहेत, मागायला जायचा धीर होत नाही. वाईट वाटतं. फार वाटतं.

मालिका बंद झाल्यामुळे बायका माझ्यावर नाराज आहेत, त्यातही माझीच चूक म्हणे. पण सकाळी आ-फेन कुठूनसं हिरवं पाकीट घेऊन आली आणि सगळ्यांसमोर काट्यावर नाही, माझ्या खुर्चीच्या पाठीला चिकटवून गेली. तारीख डिसेंबरची. म्हणाली, को दादा, यंत्रं शहाणी राहतात यानं, बघूया तुमच्यावर चालतं का.

यात थट्टा होती, पण मायाही होती. मला ते लागलं. नवीन निश्चय. आजपासून रोज वेळेवर, गोड बंद, आणि ह्या पाकिटाला माझा हात लागणार नाही. मी हे मनापासून लिहितोय.

दुपारी चार.

थर्माकोलचे दाणे इथे हाताशीच असतात, मागायला जावं लागत नाही. पॅकिंगची ही एक चांगली सोय आहे.