ग्राहक पत्त्यावर सापडले

३ मार्च, सोमवार
आले एकदाची सिंगापूरला! चांगी विमानतळावर गोड्या मसाल्याच्या डब्याने माझा जीव टांगणीला लावला होता. कोणी विचारलंसुद्धा नाही. क्वीन्सटाउनला मिसेस गोह नावाच्या बाईंच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेतली आहे. बाई सत्तरीच्या, एकट्या राहतात, आणि माझी भलीमोठी बॅग बघून म्हणाल्या की दोन वर्षांसाठी आलीस की लग्न करून आलीस. आमचं जमणार.

ऑफिस अलेक्झांड्राला, चालत बारा मिनिटं. वाटेत हॉकर सेंटरच्या टपरीवर नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खाल्ला. पुण्यात नवरा अश्विन आणि लेक जाई आहेत. जाईची परीक्षा झाली आणि कुटुंबासाठीचा डिपेंडंट पास हातात आला की दोघं एप्रिलअखेर इथे. तोवर ही वही. अश्विन म्हणतो मी चार दिवसांत कंटाळेन. बघूच.

५ मार्च, बुधवार
काम समजायला दोन दिवस गेले. आमची कंपनी इंटरनेटवरून फोन पुरवते. माणूस सिंगापुरात बसून आग्नेय युरोपातल्या एखाद्या गावाचा नंबर वापरू शकतो. तारा नाहीत, खांब नाहीत. त्या भागात मात्र प्रत्येक देशाचं वेगळंच तंत्र. एक देश म्हणतो हा टेलिफोनच, परवाना काढा. दुसरा म्हणतो ही नुसती इंटरनेट सेवा, आमच्या डोक्याला ताप नको. माझ्या वाट्याला आलाय तो सगळ्यात कडक. त्याचं नाव कुठे लिहायचं नाही, असं करारातच आहे. तिथला नियम असा, की गावाचा नंबर त्या गावात राहणाऱ्यालाच. प्रत्येक नंबरामागे नाव आणि पत्ता हवा, म्हणजे ११२ला फोन लागला तर मदत कुठे धाडायची ते कळेल. नियामक कार्यालयाचा निरीक्षक म्हणे पत्त्यावर जाऊन बघतो.

साहेब अनिश, मूळचा दादरचा, बारा वर्षं इथे. तो म्हणाला, निरीक्षक कुठला जातोय, खुर्चीतूनच शिक्का मारत असणार.

१० मार्च, सोमवार
पहिली अडचण आली. त्या देशातल्या एका लहानशा गावाचे शंभर नंबर आमच्याकडे आहेत. सत्त्याण्णव चालू, तीन पडून. पंधरा तारखेपर्यंत शंभरच्या शंभर वापरात दिसले नाहीत तर सगळा गठ्ठा परत घेणार. तिथले कारखाने बंद पडले, अर्धं गाव जर्मनीत गेलं, आता नवीन ग्राहक आणायचा कुठून? अनिश म्हणतो शुक्रवारपर्यंत तीन नावं शोध.

१४ मार्च, शुक्रवार
आज धुळवड. अश्विनने जाईचा फोटो पाठवला, पोरगी वांग्याच्या रंगाची झालीये.

नावं सापडली! आपल्या लोकांची सवय कामी आली. आमच्याकडे गॅस आजीच्या नावावर होता, ती गेल्यावर नऊ वर्षं. अण्णांची स्कूटर माझ्या नावावर, तेव्हा मी सहावीत. काहीही घ्यायचं ते घरच्या कोणाच्या तरी नावावर टाकायचं, विचारायचं कशाला. तर अर्जाच्या पहिल्या ओळीत अण्णा, म्हणजे माझे वडील दिलीपराव. दुसऱ्या ओळीत अश्विन, तिसऱ्या ओळीत जाई. पत्ता म्हणून त्या गावातली एक चारमजली इमारत दिली. तळमजल्यावर आमची यंत्रं आहेत, वरती कोणी राहत नाही. तिघांना तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड मांडून दिलं. खाली ‘ग्राहक या पत्त्यावर राहतात’ याच्यापुढे माझी सही. गठ्ठा वाचला. अनिशने बर्फी खाऊ घातली.

१८ मार्च, मंगळवार
दुपारी तीनला, म्हणजे तिथलं कार्यालय उघडल्या उघडल्या, मेल आला. ओळ क्रमांक एक तपासली. निरीक्षक पत्त्यावर गेले. ग्राहक पत्त्यावर सापडले.

अनिश आणि मी पोट धरून हसलो. सरकारी माणूस इथूनतिथून सारखाच.

संध्याकाळी अण्णांशी बोलले. पुण्यात छत्तीस डिग्री तापमान आणि अण्णा म्हणतात पाय गार पडलेत, स्वेटर कुठल्या कपाटात ठेवलाय? म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊन या.

२० मार्च, गुरुवार
सकाळी अश्विनचा फोन. अण्णा घरी नाहीत. दार आतून बंद होतं, तोडावं लागलं. चष्मा, चपला, पाकीट सगळं जागच्या जागी. अश्विनने पोलिसांत कळवलंय. मी दिवसभर नुसती फोनकडे बघत बसले होते.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. माझ्या स्क्रीनवर नंबर त्या गावाचा. ओळ क्रमांक एक.

अण्णा होते. आवाज अगदी रोजचा. म्हणाले, एका खोलीत आहे, तिसरा मजला असावा, भिंतीवर फोन आहे, खिडकीतून कारखान्याचं धुरांडं दिसतंय आणि बर्फ. जिना उतरलो की परत याच खोलीत येतो. चष्मा नाही म्हणून नीट दिसत नाही म्हणाले. कोणी न्यायला येणार आहे का, असं विचारलं. मी म्हटलं हो.

२१ मार्च, शुक्रवार
अण्णांना ११२ फिरवायला सांगितलं. आमच्या यंत्रणेत त्या फोनची नोंद उमटली. तिच्यापुढे तिकडून शेरा आला : नाव आणि पत्ता जुळतो, ग्राहक स्वतःच्या घरी आहे, तक्रार निकाली.

अनिशला सगळं सांगितलं. त्याला वाटतंय माझं डोकं फिरलंय. त्याच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. पत्ता बदलण्याचा अर्ज भरला, पुण्याचा पत्ता टाकला. घेतला नाही. पत्ता गावाच्या हद्दीतलाच हवा.

मग तिन्ही नंबर रद्द करा म्हणून लिहिलं. ग्राहकच नाही तर नियम लागणार कोणाला? हे आधी का नाही सुचलं मला. उत्तर आलं की एकेक करून, ओळींच्या क्रमाने.

२४ मार्च, सोमवार
शनिवार-रविवार अण्णांशी बोलत होते. भूक लागत नाही म्हणाले. घाबरलेले नव्हते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी आजीच्या हातच्या थालीपिठांच्या गोष्टी सांगितल्या. सोमवारी घरी असाल, असं मी त्यांना सांगितलं.

आज तीनला मेल. ओळ एक रद्द. नंबर फिरवला, हा क्रमांक अस्तित्वात नाही. अश्विनला अण्णांच्या घरी धावत पाठवलं. कोणी नव्हतं. चार वाजता दुसरा मेल आला. निरीक्षक पत्त्यावर गेले. खोली मोकळी आहे.

म्हणजे तिथेही नाहीत. इथेही नाहीत. मी माझ्या हाताने माझ्या वडिलांना—

बाकीचे दोन नंबर रद्द करू नका म्हणून लगेच लिहिलं. तीनदा लिहिलं.

२६ मार्च, बुधवार
मेल. ओळ क्रमांक दोन तपासली. ग्राहक पत्त्यावर सापडले.

अश्विनला फोन केला तेव्हा तो घरात होता. सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला सकाळपासून पाय गार आहेत. जाईला शेजारच्या वसुधाकाकूंकडे नेऊन ठेव म्हटलं. आम्ही फोन ठेवला नाही. तासाभराने त्याने काहीतरी म्हणायला सुरुवात केली आणि मग पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

२७ मार्च, गुरुवार
तो तिथे आहे. तीनला फोन आला. पहिलं वाक्य हे, की जाईचं नाव काढ.

काढता येत नाही. काढलं तर अण्णांसारखं.

उद्या संध्याकाळचं विमान मिळालं. पोहोचले की जाईचा हात धरून बसणार. सोडणारच नाही. वसुधाकाकूंना काही सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की तिला नजरेआड करू नका. अश्विन रात्री कुठेतरी गेला, असं त्या समजतात.

मिसेस गोहनी भाताची पेज आणून ठेवली. काय झालं विचारत होत्या. खा lah, इथल्या लकबीत म्हणाल्या, खाल्ल्याशिवाय रडू नये.

२८ मार्च, शुक्रवार
बॅग भरली होती.

तीनला मेल आला. ओळ क्रमांक तीन.

वसुधाकाकूंचा फोन. रडत होत्या. जाईचा हात त्यांच्या हातात होता, लिफ्टमध्ये. दार उघडलं तेव्हा—

आठ वर्षांची आहे ती.

पावणेपाचला जाई बोलली. आई, इथे खूप थंडी आहे, बाबाने मला त्याच्या शर्टात घेतलंय. दोघं एकत्र आहेत. एवढं एक बरं झालं. विमान सोडून दिलं. पुण्यात आता माझं कोण आहे?

२९ मार्च, शनिवार
अनिशचा मेल. एक एप्रिलपासून त्या देशात नवा नियम, परदेशी कंपनीला तिथे स्वतःचं ऑफिस काढावं लागेल. आपल्याला परवडत नाही. आपण बाहेर पडतोय. शंभरही नंबर सोमवारी परत.

फोन केला, पाया पडते म्हटलं. तो म्हणाला गार्गी, तू सुट्टी घे. पत्र काल रात्रीच गेलंय.

३० मार्च, रविवार
आज पाडवा. जाईने विचारलं गुढी उभारली का. हो म्हटलं.

अण्णांची ओळ रिकामी आहे. तिथे माझं नाव घातलं. पत्ता तोच, तिसरा मजला. सही केली. नंबर जाणारच असतील तर तिघं एका खोलीत तरी असू. अश्विन नको म्हणत होता. मग म्हणाला, लवकर ये.

३१ मार्च, सोमवार
हरि रायाची, म्हणजे ईदची सुट्टी. ऑफिसात मी एकटी. दुपारी एक.

कानात हेडफोन, पलीकडे ते दोघं. हाताला काहीतरी काम हवं, म्हणून लिहितेय.

पाय गार पडलेत का ते सारखी बघतेय. नाहीत.

दोन. मेल आला. तीनला येईल वाटलं होतं, पण युरोपातली घड्याळं काल एक तास पुढे गेलीत. माझा अर्ज पोहोचला. अर्ज आले त्या क्रमाने घेतले जातील. कंपनीचं पत्र आधी आलंय, म्हणजे आधी नंबर जाणार, मग माझं नाव. आज निरीक्षक पत्त्यावर जातील.

२.१५ — जाई म्हणते जिन्यात पावलं वाजतायत.

दार उघडू नका म्हटलं. अश्विन म्हणतो दाराला कडीच नाही.

२.२० — आत आलाय. म्हातारा, हातात कागद. मी सांगतेय, त्याला सांगा आम्ही इथे राहतो. त्याच्या भाषेतलं वाक्य अर्जावर आहे, मी वाचतेय, जाई माझ्यामागून म्हणतेय. मोठ्याने म्हण, राणी. अजून मोठ्याने. नाव सांग, पत्ता सांग—

पाय गार नाहीत. अजून नाहीत. देवा, माझं नाव घ्या ना आधी—

जाई म्हणते तो आमच्याकडे बघतच नाही. खोली मोकळी असल्यासारखा फिरतोय. आता लिहितोय. आई, बाबाचा हात माझ्या हातात होता, आणि आता—

जाई, बोलत राहा. मी आहे. काहीही बोल, पाढे म्हण, बे एके बे, बे दुणे