स्पूलवरचा अंगठा

मी, मृणालिनी श्रीपाद आगाशे, वय वर्षे एकोणपन्नास, अविवाहित, मूळची सांगलीची, सध्या राहणार एनिस, काउंटी क्लेअर, शॅननच्या वैद्यकीय उपकरणांच्या एका कारखान्यात गुणवत्ता अभियंता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. ते लिहायला मला कोणी सांगितलेले नाही आणि कोणी धाकही घातलेला नाही. डॉक्टरांच्या मते माझी बुद्धी शाबूत आहे. झोप शाबूत नाही, पण कायदा झोपेबद्दल विचारत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. याआधी मी असा कोणताही लेख केलेला नाही. हा मराठीत आहे, कारण जे घडले ते मला इंग्रजीत सांगता येत नाही. पोलिसांनी विचारले तेव्हा 'ॲक्सिडेंट' या शब्दापुढे मी गेलेच नाही. इंग्रजी तर्जुमा वकीलबाई करवून घेतील.

१. बँकेतली माझी शिल्लक, अंत्यविधीचा खर्च वजा जाता, सांगली-मिरजेकडे गरिबांच्या डोळ्यांची मोफत शस्त्रक्रिया करणाऱ्या संस्थेला द्यावी. संस्था वकीलबाईंनी चौकशी करून निवडावी.

२. माझे चार रॉड, तीन रील आणि लूरची पेटी आमच्या मासेमारी क्लबाला देते. लूर म्हणजे गळ लावलेला खोटा मासा. पाइक नावाचा दात्याळ मासा त्यावर झडप घालतो, आपण त्याला काठावर आणतो, गळ सोडवतो आणि परत पाण्यात सोडतो. हे मला कारखान्यातल्या टॉम हेहीरने शिकवले. क्लबाला अट एकच. आडव्या स्पूलचे रील आणि जड लूर कोणाच्याही हातात देण्यापूर्वी खालील गोष्टी त्याच्याकडून करून घ्याव्यात. नुसत्या सांगू नयेत.

लूर हवेत निघतो तेव्हा स्पूल, म्हणजे रीलमधले दोरी गुंडाळलेले चाक, गरगर फिरून लाइन सोडते. लूरचा वेग कमी झाला आणि स्पूल तशीच फिरत राहिली, किंवा सुरुवातीलाच हिसक्याने ती लूरच्या पुढे धावली, की सुटलेली लाइन जागच्या जागी गुंतते. टॉम त्याला पक्ष्याचे घरटे म्हणतो. लूर जितका जड, तितका हिसका मोठा. म्हणून लूर बांधल्यावर रीलच्या बाजूची टोपी आवळावी आणि बटण दाबून लूर खाली सोडून पाहावा. तो सावकाश उतरला पाहिजे, आणि जमिनीला टेकताक्षणी स्पूल आपोआप थांबली पाहिजे. थांबली नाही, तर आणखी आवळावी. आतला ब्रेक वाढवावा. झटका देऊ नये. लूर रॉडच्या टोकापासून हातभर लोंबता ठेवून, गोफण फिरवावी तसा एका लयीत सोडावा. अंगठा सगळा वेळ स्पूलवर हलका टेकलेला असावा आणि लूर पाण्यावर पडण्याच्या क्षणाआधी दाबावा. लूरचे वजन बदलले की हे सगळे पहिल्यापासून करावे. आणि रॉड उचलण्याआधी आजूबाजूला कोण उभे आहे ते पाहावे. हे शेवटचे टॉमने पहिल्या दिवशी सांगितले होते. मी स्वतः सहा वर्षे नव्या लोकांना तेच सांगत आले.

३. या कलमात मी कोणाला काही देत नाही. फक्त घडले ते नोंदवते.

वसुधा किणीकर माझी अकरा वर्षांची मैत्रीण. आमच्याच कारखान्यात ती सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या नळ्यांची टोके तपासत असे. तिने पास केलेला एकही माल माझ्याकडून परत गेलेला नाही. माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर नऊ दिवस ती आपल्या लेकीला, स्वरालीला, घेऊन माझ्याकडे राहिली आणि मला मुगाची खिचडी खाऊ घालून घालून रडवले. मासेमारीत तिला काडीचा रस नव्हता. रविवार, ११ ऑक्टोबर २०२० रोजी ती तळ्यावर आली ती माझ्या आग्रहामुळे. "सात महिने घरात कोंडलीयस, दोन तास चल," असे मीच म्हटले होते.

तासभर मी साठ ग्रॅमचा लूर टाकत होते. काही लागले नाही. मग दीडशे ग्रॅमचा रबरी लूर बांधला. टोपी आवळली नाही. विसरले असे लिहिणार होते, पण ते खरे नाही. आठवले होते. एकदा टाकून बघू, मग आवळू, असे मनात आले.

वसुधा माझ्या डावीकडे बारा पावलांवर थर्मासमधून चहा ओतत होती. मान खाली होती. मला तिला दाखवायचे होते. मी ओरडले, "वसुधा, बघ, हा किती लांब जातो!"

तिने मान वर केली.

मी जोरात झटका दिला. रील किंचाळले, अंगठ्याखाली लाइन फुगली आणि स्पूल जागीच अडकली. लूर पाण्यापर्यंत गेलाच नाही. हवेत ताणला गेला आणि वाकलेल्या रॉडने त्याला मागे खेचले, डावीकडे. मला आवाज ऐकू आला नाही. मी रीलकडे पाहत होते, त्या गुंत्याकडे, आणि मनात शिवी घालत होते.

मग वसुधा शांतपणे म्हणाली, "मृणाल, मला काहीतरी लागलं गं. बघ जरा."

तिच्या हातातले थर्मासचे झाकण तसेच सरळ होते. त्यातला चहा सांडला नव्हता.

गळ तिच्या डाव्या डोळ्यात होता.

माझ्या खिशात माशाच्या तोंडातून गळ काढायचा चिमटा होता. फोनवरचा माणूस सांगत होता, "हात लावू नका, काहीही ओढू नका," आणि माझा हात सारखा त्या चिमट्याकडे जात होता. शेवटी मी तो पाण्यात फेकला आणि वसुधाचे दोन्ही हात धरून बसले. रुग्णवाहिका येईपर्यंत बावीस मिनिटे ती मलाच विचारत होती, "तू थरथरतेयस का? थंडी वाजतेय का तुला?"

रुग्णालयात कोविडमुळे मला आत घेतले नाही. संध्याकाळपर्यंत गाडीत बसले. स्वरालीचा फोन आला. "इज मम ग्रँड?" तिने विचारले. ग्रँड म्हणजे इकडे ठीक. मी हो म्हणाले. डोळा वाचला नाही.

टोपी आवळली होती का, हे वसुधाने मला एकदाच विचारले, घरी आल्यावर. मी नाही म्हणाले. ती "बरं" म्हणाली. आज ती कारखान्यात कागदपत्रांच्या टेबलावर बसते. सूक्ष्मदर्शकाला दोन डोळे लागतात.

हाक मी मारली, म्हणून तिने वर पाहिले, हे कोणत्याही कागदावर नाही. या कागदावर असावे.

४. एनिस येथील माझे राहते घर, परस आणि सामानासह, मी वसुधा किणीकर हिला देते. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

५. सांगलीच्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा माझा थोरला भाऊ बाळासाहेब यास देते. बाबांची तशी इच्छा होती. अपघातानंतर त्याने घरच्या ग्रुपवर लिहिले, "मुक्या जिवांना गळ लावलेस, त्याचे फळ." फळ माझ्या पदरात पडले असते तर मी मान्य केले असते. ते पडले ज्या बाईने आयुष्यात एक मासा धरला नाही तिच्या. हे त्याला मी फोनवर सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "तेच तर." त्या दोन शब्दांची माफी मी देत नाही. हिस्सा त्याने घ्यावा.

६. माझे दहन इकडेच करावे. राख तळ्यात सोडू नये. दिवस घालू नयेत.

७. सहीपूर्वी लिहिलेले. आज शनिवार. लॉकडाऊनमुळे सह्या घराबाहेर, माझ्या गाडीच्या बॉनेटवर करायचे ठरले. साक्षीदार म्हणून टॉम आणि शेजारच्या नोरीनबाई मास्क लावून दोन हातांच्या अंतरावर उभे होते. वसुधाला मसुदा मी आठवड्यापूर्वीच वाचायला दिला होता. तिने काहीच कळवले नव्हते. ती आत्ता चालत आली आणि नोरीनबाईंना म्हणाली, "तुम्ही जा घरी, मी करते सही."

टॉम म्हणाला, "वसुधा, तुझं नाव आहे ना त्यात? साक्षीदाराची सही केलीस तर तुला त्यातलं काही मिळणार नाही. माझ्या काकाच्या शेताचं तसंच झालं."

"माहितीय मला. वकिलाला विचारून आलेय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "तू मेल्यावर मला घर मिळणार. मग तोवर मी काय करू? तुझी वाट बघू?"

मी पेनचे टोपण काढून पुन्हा लावले.

"एकोणपन्नासाव्या वर्षी तुला एवढी घाई कसली गं, मृणाल? सगळं वाटून मोकळी झालीस की मग काय करणारेस?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

"मला माहितीय. पाच महिने मी तुझा चेहरा बघतेय. एका डोळ्याने दिसतो तेवढा पुरे आहे."

नोरीनबाईंना शब्द कळले नाहीत, पण त्या मुकाट्याने आपल्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मी तिला म्हणाले, "तुझा डोळा मी घालवला." हे तोंडाने मी आज पहिल्यांदा म्हणाले.

"हो, तूच घालवलास," वसुधा म्हणाली. "मला त्याचा राग येतो. रोज सकाळी येतो, जिन्यावरून उतरताना. तो मला तुझ्यावर काढायचाय, आणि त्यासाठी तू इथे पाहिजेस. घर नकोय मला."

हे मी बॉनेटवर लिहिते आहे आणि दोघे थांबले आहेत. चौथे कलम खोडत नाही. तिची सही झाली की ते आपोआप निकामी होईल. मग घर कुणाला, हे मला पुन्हा ठरवावे लागेल, आणि त्याला वेळ लागेल. सोमवारी डॉक्टरांकडे जायचे आहे, झोपेसाठी. वसुधा सोबत येते म्हणाली आहे.

तिने आत्ता एका कोऱ्या कागदावर सही करून पाहिली. पेन कागदाच्या बोटभर वरच थांबले आणि हवेतच फिरले. अंतराचा अंदाज अजून येत नाही. दुसऱ्या वेळीही तसेच झाले. मग तिने मला सांगितले, "कागद धर, आणि माझं मनगट खाली टेकव."

वरील सर्व मजकूर मी शुद्धीत लिहिला, तो माझा आहे, आणि खालील दोघांसमक्ष, तिघांनी एकमेकांच्या देखत, त्यावर सह्या केल्या.

लिहून देणार: मृणालिनी श्रीपाद आगाशे (सही)

साक्षीदार: टॉम हेहीर (सही)

साक्षीदार: वसुधा किणीकर (सही)

ठिकाण: एनिस, काउंटी क्लेअर
दिनांक: २७ मार्च २०२१