नीट जा, नीट राहा

हा-लेसाला,
१२ मे १९९६

चि. लिम्फो हिस,

आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. सांगते आहे मी आणि लिहिते आहे आपल्याकडे राहायला आलेली गोरी पोर. तिचं नाव नूला, आयर्लंडची आहे. ते नाव माझ्या जिभेवर बसेना. दोन वर्षं गावच्या शाळेत फुकट शिकवीन असं वचन देऊन आली, म्हणून मी तिचं नावच ‘वचन’ ठेवलं, त्सेपिसो.

ती तुझ्या खोलीत राहते आणि तुझ्याआधी उठते, हे मुद्दाम लिहायला लावते आहे. मक्याच्या पिठाचा पापा ढवळते तो अजून गुठळ्यांचा. भाषा बरी येते, पण निरोपात हटकून चुकते. जाणाऱ्यानं ‘नीट राहा’ म्हणायचं, राहणाऱ्यानं ‘नीट जा’, एवढं साधं. ही शाळेला निघते आणि दारात उभी राहून मलाच ‘नीट जा’ म्हणते. रोज सकाळी मला माझ्याच घरातून हाकलते. परवा शेजारच्या मापुलेंगनं कुंपणावरून विचारलं, काय मालिम्फो, गेली नाहीस होय अजून. आम्ही तिघी पोट धरून हसलो.

माझी तब्येत चांगली आहे. नाताळला ये, त्याआधी सुट्टीसाठी मालकिणीपुढे तोंड वेंगाडू नकोस. आता हिवाळा लागला, तिथल्या थंडीत कान बांधून राहा, आणि म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई,
मालिम्फो

जोहान्सबर्ग,
९ जून १९९६

ती. आईस,

लिम्फोचा शि. सा. न. वि. वि. पत्र आणि वाळवलेले पीच बसवाल्या न्ताते सेलोंकडून मिळाले. मालकिणीकडे पाहुणे आहेत, सात माणसांच्या कपड्यांची इस्त्री करते आहे. पीच खिशात ठेवून खाते.

आई, तीन पत्रं झाली, मापुलेंगच्या कोंबड्यांबद्दल तू अवाक्षर काढलेलं नाहीस. त्यांना शिव्या घातल्याशिवाय तुझं पत्र कधी संपलेलं मला आठवत नाही. कोंबड्या मेल्या की तुझा राग मेला?

त्सेपिसो, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. आई पोटभर जेवते का? ईस्टरला आले होते तेव्हा ताट अर्धं ठेवून उठायची आणि पोट दाबून बसायची. बरं नसेल तर मी उद्या निघते. ही नोकरी गेली तर दुसरी मिळेल, आई दुसरी मिळायची नाही. खरं असेल तेच कळव, एवढा उपकार कर.

दोघींनी एकमेकींना जपा, आणि उरलेला जीव माझ्यात ठेवा.

तुझी,
लिम्फो

हा-लेसाला,
३० जून १९९६

चि. लिम्फोस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचताना पोरगी मध्येच थांबली आणि पाणी प्यायला उठली. मी अडाणी असेन, आंधळी नाही. कागदावर चार बोटं अक्षरं उरलेली मला दिसत होती. दम देऊन सगळं वाचून घेतलं.

तर ऐक. मापुलेंगच्या कोंबड्या जिवंत आहेत, देवाला त्यांची दया येते, माझी येत नाही. पेरायला ठेवलेलं ज्वारीचं बी कालच टिपून गेल्या. मी जेवते. पोटाचं दुखणं थंडीचं आहे, थंडीबरोबर जाईल. नोकरी टाकून आलीस तर दारातूनच परत लावीन. नाताळला ये आणि येताना नवं ब्लँकेट आण. ते पांघरून मी चर्चमध्ये मापुलेंगच्या पुढच्या बाकावर बसणार आहे.

आशीर्वाद आहेतच, त्यांना बसची वाट पाहावी लागत नाही.

आई

ता. क. औसी लिम्फो (ताईला औसी म्हणायचं, हे आईंनी शिकवलं), शेण्या आता मी थापते. आई उन्हात बसून चुका काढतात. – त्सेपिसो

हा-लेसाला,
२५ ऑगस्ट १९९६

औसी लिम्फो हिस,

सा. न. वि. वि. हे पत्र खाली बसून वाच. आई गेल्या. चौदा तारखेला, बुधवारी.

त्याच रात्री बर्फ पडलं आणि खिंड बंद झाली. तुझे मामा घोडा घेऊन दोनदा निघाले आणि दोनदा परत आले. तुझ्यासाठी शनिवारपर्यंत थांबलो, मग थांबता येईना. मामांनी रिवाजाप्रमाणे मयताच्या जेवणाला बैल कापला. मुलीच्या हातची माती कुणी घालायची, असं मापुलेंगनं विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती मी घातली. घरच्यांबरोबर माझेही केस भादरले आहेत.

आता जे तू विचारलं होतंस ते. पोटात गाठ होती. आता काही होण्यासारखं नाही, घरीच ठेवा, असं नर्सनं मे महिन्यातच सांगितलं होतं. लिम्फोला कळवायचं नाही, असं आईंनी बजावलं. म्हणाल्या, तुझं नाव मी ठेवलंय, ते आता खरं कर. मी शब्द दिला. तुझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून शेण्यांची ओळ लिहिली. वाटलं, तू समजशील. तो माझा भित्रेपणा होता.

त्या सकाळी शाळेला निघताना मी इथे आल्यापासून पहिल्यांदा बरोबर बोलले, ‘नीट राहा.’ शाबासकीसाठी दारात थांबले. तर त्याही म्हणाल्या, ‘नीट राहा.’ मी हसले. म्हटलं, आई, आज तुम्ही चुकलात, जाणारी मी आहे. त्यांनी माझा हात धरला आणि पुन्हा तेच म्हणाल्या. वर्गात मी ही गंमत मुलांना सांगितली. मधल्या सुट्टीत मापुलेंग धावत आली.

तुझ्याकडे माफी मागायचं तोंड मला नाही. जमलं तर राग ठेव, पण ओळख ठेव.

नूला, जिला तुम्ही त्सेपिसो म्हणत होतात

जोहान्सबर्ग,
१ सप्टेंबर १९९६

त्सेपिसो हिस,

लिम्फोचा नमस्कार. मी शनिवारी येते आहे. हे पत्र न्ताते सेलो बुधवारीच देतील. समोर आले की मी एकतर ओरडेन नाहीतर रडेन, म्हणून आधी लिहिते.

मला तुझा राग आला. तुझे कागद मी इस्त्रीखाली धरले होते, मग काढून घेतले, कारण त्यात आईचं बोलणं आहे. माझी माती तू घातलीस, माझे केस तू दिलेस, माझी आई शेवटचं तुझ्याशी बोलली. मला काय उरलं, ते मी मोजत नाही. ब्लँकेट घेऊन ठेवलं होतं, तांबडं.

पण एक तुला कळलेलं नाही, आणि ते न सांगणं पाप होईल. आई चुकली नव्हती. ‘नीट राहा’ जाणारा माणूस म्हणतो. तिला ठाऊक होतं, त्या सकाळी कोण जाणार आहे. इतके महिने तू तिला रोज ‘नीट जा’ म्हणालीस आणि रोज चुकलीस. ज्या दिवशी ते म्हणायला हवं होतं, नेमकी त्या दिवशी तू बरोबर बोललीस. माझी आई कुणीही ‘नीट जा’ न म्हणता गेली, त्सेपिसो.

शनिवारी आपण दोघी तिच्या मातीपाशी जाऊ. ब्लँकेट मी तिच्यावर घालीन. तू नेहमीसारखं उभं राहून तुझं ते चुकीचं म्हण, मोठ्यानं, कुंपणापलीकडे मापुलेंगला ऐकू जाईल असं. माझ्या तोंडून ते निघायचं नाही.

तोवर घर सोडू नकोस.

तुझी औसी,
लिम्फो