बाळंतपणाचा व्हिसा

आई, परवा मी मुंबईला जाऊन आले. वकिलातीची इमारत आता वेगळी आहे, पण खिडकी तशीच, काच तशीच आणि काचेपलीकडचा चेहराही तसाच, ज्याला आपलं काही वाईट करायचं नसतं आणि मुद्दाम चांगलंही करायचं नसतं. तुझी नात बाळंत होणार आहे, तिकडे अमेरिकेत. तिच्याजवळ मला जायचंय आणि त्यासाठी व्हिसा हवा होता. मिळाला की नाही ते सांगते, पण आधी बाकीचं बोलू दे. तू गेल्यापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलायची सवय काही मोडली नाही, लिहून मात्र आजच बोलतेय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलेय. कोथरूडचा हा फ्लॅट तू पाहिलेला आहेस. तुझ्या वेळी या खिडकीतून टेकडी दिसायची, आता समोरच्या सोसायटीचे वाळत घातलेले कपडे दिसतात.

तुला व्हिसा नाकारला ती गोष्ट आपल्या घरात इतक्यांदा सांगितली गेलीय की मी तिथे हजर होते असंच मला वाटतं. खरं तर मी तेव्हा अमेरिकेत होते, दिवस भरत आलेले, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आई येणार या एका गोष्टीवर माझा सगळा धीर टिकलेला. तू बँकेतून रजा काढलीस आणि पहाटेच्या एशियाड बसने मुंबईला गेलीस. बँकेत नेसायचीस तीच खळ घातलेली साडी, खांद्याला पर्स, पर्समध्ये डबा. फुटपाथवरच्या रांगेत उन्हात उभी राहिलीस. माझ्या डोळ्यांसमोर तू आत्ताही तशीच उभी आहेस, पुढच्या माणसाला सांगतेयस की कागद हातात धरा, खिडकीपाशी गेल्यावर पिशवीत हात घालू नका. कारण तू स्वतः उभा जन्म काउंटरच्या आतल्या बाजूला बसून काढलेला. सही जुळली नाही म्हणून सख्ख्या मावशीला परत पाठवणारी बाई तू. मावशी दिवाळीपर्यंत आपल्याकडे आली नव्हती.

तुझी पाळी आली. गोऱ्या साहेबाशेजारी मराठी बोलणारी एक मुलगी बसली होती, तिने विचारलं, "कशासाठी जाताय?" तू म्हणालीस, "मुलीच्या बाळंतपणाला." "म्हणजे भेटायला ना?" "भेटायला कशाला? कामाला चाललेय." ती मुलगी आपल्यातलीच असणार, कारण तिने साहेबाला सांगायच्या आधी पुन्हा विचारलं, "आजी, म्हणजे पाहुण्या म्हणून, असंच ना?" पन्नाशीच्या आत तुला आजी म्हटलं तिथेच बहुतेक सगळं बिनसलं. तू म्हणालीस, "लेकीच्या घरी पाहुणी म्हणून बसून खायची आमच्यात पद्धत नाही. मी स्वयंपाक करणार, बाळाला अंघोळ घालणार, तिचं अंग चोळणार. आराम करायचा तर मला पुण्यात आहे की." किती दिवस राहणार असं विचारल्यावर म्हणालीस, "बाळ-बाळंतीण धड होईपर्यंत." आणि परत येणार कशावरून, यावर तर तू कमालच केलीस. "तिथे राहण्यासारखं काय आहे?"

पासपोर्टवर शिक्का मारून त्यांनी तो परत दिला. तुझ्या आईचं मला आठवतं. ती आपल्याकडे आली की आधी पदर खोचून भाजी निवडायची, मगच तुझ्या हातचा चहा घ्यायची. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही, हे तुमच्या हाडात मुरलेलं. पाहुणी आहे असं म्हणायला तुझी जीभ रेटली नाही. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, नातवंडाचं तोंड बघायला चाललेय, पंधरा दिवसांत येते. तेही खरंच होतं की. पण तुला ते फसवल्यासारखं वाटलं असणार.

त्या दिवशी तू एसटीडी बूथवरून फोन केलास. मला वाटलं होतं तू त्या साहेबाला चार शब्द सुनावशील. तू उलट त्याचीच बाजू घेतलीस. "त्याचं बरोबर होतं गं. भेटायला ना असं विचारलं, तर मी कामाला म्हटलं. कामाला वेगळा परवाना लागतो. मी असते तर मीही परत पाठवलं असतं." मग तू नाक ओढलंस. त्या काळच्या फोनवर कुणी रडायचं नाही, इतका तो महाग. मी विचारलं, रडतेस का? तर म्हणालीस, "सर्दी झालीय. रांगेत ऊन फार होतं." उन्हाने सर्दी झालेली माणसं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिली नाहीत.

आणि मग तू कॅसेट पाठवलीस. ओळखीतलं कुणीतरी तिकडे येत होतं, त्यांच्याबरोबर अळिवाचे लाडू, डिंक, वेखंड, बाळगुटी, आणि त्या सगळ्यात फडक्यात गुंडाळलेली ती कॅसेट. तुझा काउंटरवरचा आवाज. "डोकं डाव्या हातावर घे. घाबरू नकोस, ती काचेची नाही. पाणी कोपराने बघ, बोटाने नको. आता पाठीवर घाल. रडू दे, रडून कुणी मेलेलं नाही." मी न्हाणीघरात टबापाशी जमिनीवर बसून, तुझ्या जावयांना टेपरेकॉर्डर पाण्यापासून लांब धरायला सांगून, मुलीला अंघोळ घालायचे. तू सांगितलंस ओव्याची धुरी दे, मी दिली, आणि धुराचा भोंगा वाजून अख्खी इमारत बर्फात बाहेर येऊन उभी राहिली. मध्येच एके ठिकाणी तुझ्या दारावर भाजीवाली येते आणि तू टेप बंद न करता तिच्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालतेस. "ही जुडी? ही तर काडी आहे." तिथे मी रोज हसायचे, आणि हसता हसता रोज रडायचे. त्या दिवसांत मला तू किती हवी होतीस, ते तुला कधी सांगितलं नाही. सांगून तुला नुसताच त्रास झाला असता.

तुझ्या जावयांच्या कंपनीने ग्रीन कार्डसाठी अर्ज करायची तयारी दाखवली तेव्हा आम्ही नको म्हणालो आणि परत आलो. लोकांनी वेड्यात काढलं. बाबा नव्हते, तू एकटी होतीस, मला दुसरं कारण नव्हतं आणि लागलंही नाही. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "आलात? बरं केलंत. हातपाय धुवा." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो न्हाणीघरात पाट मांडलेला, वाटीत कोमट तेल, आणि चांगली बोलती-चालती, दाराला लाथा मारणारी मुलगी तू पायांवर आडवी घेतलेली. मी म्हटलं, अगं मोठी झाली ती आता. तू मान वर न करता म्हणालीस, "हिची सव्वा महिन्याची अंघोळ माझ्याकडे राहिलीय." आणि सव्वा महिना घातलीस. एकही दिवस सोडला नाहीस.

तुझी नात जन्माने अमेरिकन, त्यामुळे पुण्यात राहायलाच तिला परवानगी लागायची. तिच्या मुदतवाढीच्या कागदांसाठी आपण तिघी सरकारी कचेरीत जाऊन बसायचो. तिथल्या कारकुनाने एकदा विचारलं, "या परदेशी नागरिकाच्या वर्तनाची हमी कोण घेणार?" परदेशी नागरिक त्या वेळी तुझ्या मांडीवर चिक्की खात होती. तू म्हणालीस, "वर्तनाची हमी तिची आई देईल. मी फक्त तिच्या दातांची देऊ शकते." तो माणूस हसला नाही, पण आपल्याला पुन्हा खेपही मारायला लावली नाही.

ती मुलगी मोठी झाली, शिकली आणि तिकडे गेली. तिला कुणी विचारलं नाही कशाला येतेस, परत कधी जाणार. अमेरिकेचा निळा पासपोर्ट दाखवला आणि गेली. तू तोवर गेली होतीस, मग हेही गेले. आता तिला दिवस राहिले. जावई चांगला आहे, भांडी घासतो, पण त्याला आई नाही. तिने फोनवर सांगितलं, "मी सिटिझन आहे, तुझ्यासाठी पिटिशन टाकते. तू कायमचीच ये ना." मी म्हटलं, कायमचं काय करू तिथे? तर म्हणाली, "बरं, मग नुसती ये. पण मला व्हिडिओ कॉलवर अंघोळ शिकवू नकोस. तू ये." शेवटच्या दोन शब्दांना तिचा आवाज लहानपणीसारखा झाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. तुझी कॅसेट ऐकत काढलेले ते दिवस तिच्या वाट्याला यायला नको होते, बस्स.

मी इथल्याच एका वकीलबाईंकडे गेले, खाली शिकवणीचे वर्ग आणि वर यांचं ऑफिस. तरुण मुलगी, माझ्या मुलीएवढीच. सगळं ऐकून म्हणाली, "काकू, आधी ठरवा. कायमचं जायचंय का जाऊन यायचंय? एकवीस वर्षांवरच्या सिटिझन मुलीला आईसाठी अर्ज करता येतो, त्याला कोटा नाही, म्हणजे वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागत नाही, पण डिलिव्हरीच्या आत तो होणार नाही. आणि एकदा तो टाकला की व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्ममध्ये तसं लिहावं लागतं. मग ऑफिसरला वाटणार, ह्या परत येत नाहीत." मी म्हटलं, मला परत यायचंय. ती म्हणाली, "तुम्हाला यायचंय हो, पण त्याला पटायला हवं. तुम्ही रिटायर्ड, काका नाहीत, एकुलती एक मुलगी तिकडे. प्रोफाइल जरा वीक आहे." माझ्या आयुष्याला वीक म्हणणारी ती पहिलीच. मग मी तुझी गोष्ट सांगितली. ती खूप हसली आणि मग एकदम हसायची थांबली. म्हणाली, "मुलीजवळ राहायला जातेय, डिलिव्हरी आहे, अमुक तारखेला परत येणार, हे सगळं सांगा. लपवायचं काहीच नाही. फक्त विचारतील तेवढंच बोला. आणि खोटं अजिबात बोलू नका, एका खोट्यावर कायमचं दार बंद होतं." मी म्हटलं, खोटं आमच्या घरात चालतच नाही.

तर परवा मी खिडकीसमोर उभी आहे. कागद हातात, पिशवीत हात नाही. काचेपलीकडचा मुलगा विचारतो, कुठे, कुणाकडे, किती दिवस. मी सगळं नीट सांगते. स्वयंपाकाचं नाव काढत नाही. तो संगणकात पाहतो आणि म्हणतो, तुम्ही पूर्वी आमच्याकडे राहत होतात, मुलगीही तिथेच झाली. मग परत का गेलात? याचं उत्तर वकीलबाईंनी पढवलेलं नव्हतं, आणि गरजही नव्हती. मी म्हणाले, "पुण्यात माझी आई एकटी होती." त्याने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.  मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "आणि आता? आता पुण्यात तुमचं कोण आहे?"

मी म्हणाले, "आई आहे."

त्याने मान हलवली, व्हिसा लावायला पासपोर्ट ठेवून घेतला आणि म्हणाला, मुलीला शुभेच्छा सांगा. झालं. मी बाहेर आले, मुलीला फोन केला, ती ओरडली, मीही भर रस्त्यात ओरडले. घाट चढून बस चहाला थांबली तेव्हा कप हातात घेतला आणि माझ्या लक्षात आलं मी काय बोलून बसले होते ते. विचार करून बोलले नव्हते गं. त्याने विचारलं आणि उत्तर तेच आलं. चहा गार होईपर्यंत वाट पाहिली की आता वाईट वाटेल, लाज वाटेल. वाटलं नाही. खरं सांगते, बरं वाटलं. इतक्या वर्षांनी तुझ्याबद्दल कुणीतरी ‘आता’ असं म्हणून विचारलं होतं.

वकीलबाईंना हे सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुझ्यापाशीच राहू दे. पुढच्या महिन्यात मी निघतेय. लाडू करून नेणार आहे आणि तिकडे पोचल्यावर पदर खोचून कामाला लागणार आहे, पाहुणी म्हणून बसणं मलाही जमायचं नाही. फक्त एवढं कर. तू कधी खोटं बोलत नाहीस ते मला माहीत आहे, पण मी परत येईपर्यंत कुणी तुझ्याबद्दल विचारलंच, तर घरीच आहे म्हणून सांग.